ताटं वेगळी करू नकोस, रिपोर्ट विचार

बाई, घरात नवऱ्याचं ताट, पेला, टॉवेल वेगळा काढून ठेवला असशील, तर आधी ऊठ आणि ते सगळं परत घरच्यांच्यात मिसळून टाक. मग बोलू. ताटानं एचआयव्ही होत नाही. एका माठातलं पाणी पिऊन होत नाही, एका मोरीत आंघोळ करून होत नाही, डास चावून होत नाही, बापानं पोराचा मुका घेतला तरी होत नाही. दाढीचं ब्लेड आणि दात घासायचा ब्रश तेवढा ज्याचा त्याचा असावा, आणि तो तर कुठल्याही घरात तसाच असायला हवा. वेगळ्या ताटानं तुझं काडीचंही रक्षण होत नाही. शेजारीण मात्र विचारते, "यांचं ताट वेगळं का गं?" आणि तुझ्या माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही.

त्यांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आणि तुझा निगेटिव्ह आला, त्या दिवसापासून तू दोन प्रश्न मनात घेऊन बसली आहेस. तू बोलली नाहीस तरी मला कळतात. एवढी वर्षं संसार केला, मग मला कसा नाही? आणि आज नाही, तर उद्या होणारच ना?

पहिल्याचं सांगते. सरकारी केंद्रात कुणालाही पॉझिटिव्ह म्हणण्याआधी तीन वेगवेगळ्या प्रकारच्या किटवर रक्त तपासतात, त्यामुळे त्यांचा रिपोर्ट चुकला असेल या आशेवर दिवस घालवू नकोस. तुझा निगेटिव्हही खरा आहे. फक्त, लागण झाल्यावर पहिले काही आठवडे ती तपासणीत दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी तुला पुन्हा रक्त द्यायचं आहे. एकाला आहे आणि एकाला नाही अशी जोडपी पुष्कळ असतात. हा विषाणू प्रत्येक संबंधात जातोच असं नाही. उपचार नसले तरी नवऱ्याकडून बायकोला तो जाण्याची शक्यता एका वेळेला साधारण हजारात एक धरतात. लागण ताजी असेल, कुणाला गुप्तरोगाची जखम असेल, तर मात्र हीच शक्यता कितीतरी पटींनी वाढते. म्हणून ‘माझं रक्तच पक्कं आहे, मला काही होत नाही’ असं समजून गाफील राहू नकोस. पुरुषांचं याच्या उलट असतं. बायकोचा रिपोर्ट निगेटिव्ह आला की ते म्हणतात, म्हणजे मलाही नाही, मी कशाला जाऊ तपासायला? बायकोचं रक्त नवऱ्याचा पुरावा होत नाही. ज्याचं त्यानं तपासायचं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि हे उत्तर शोधण्यात आपल्या पुण्याच्या जोडप्यांचा हात आहे. भोसरीला एक सरकारी संशोधन संस्था आहे, त्या काळी तिचं नाव ‘नारी’ होतं. ती आणि चेन्नईची वायआरजी केअर, या दोन ठिकाणची जोडपी एका मोठ्या अभ्यासात होती. नऊ देश, १,७६३ जोडपी, प्रत्येकात एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही. निम्म्यांना लगेच गोळ्या सुरू केल्या. उरलेल्यांना, तेव्हाच्या रीतीप्रमाणे, प्रतिकारशक्ती खाली आल्यावर. २०११ साली पाहिलं तर २८ जणांना आपल्या जोडीदाराकडून लागण झालेली होती. त्यातले २७ जण उशिरा गोळ्या सुरू केलेल्यांच्या घरातले. लगेच गोळ्या घेणाऱ्यांच्या सगळ्या गटात मिळून फक्त एक. धोका ९६ टक्क्यांनी कमी झाला, म्हणून निकाल ठरल्या वेळेच्या आधीच जाहीर करून टाकला. (वायआरजी म्हणजे वाय. आर. गायतोंडे. भारतातली एचआयव्हीची पहिली लागण १९८६ साली ज्यांच्या देखरेखीखाली सापडली त्या डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, चेन्नईच्या मराठी घरातल्या. वडिलांच्या नावानं त्यांनी ती संस्था काढली. आपल्यापैकी कितीजणींना हे नाव माहीत असतं?)

पुढे युरोपात आणखी एक पाहणी झाली. तिथली जोडपी अशी होती की पॉझिटिव्ह जोडीदाराच्या रक्तातला विषाणू गोळ्यांनी दाबलेला होता आणि ती निरोध वापरत नव्हती. २०१६ साली निकाल आला. सुमारे ५८,००० वेळा संबंध आले आणि जोडीदाराकडून झालेली लागण शून्य. त्या काळात ११ जणांना एचआयव्ही झाला खरा, पण तपासलं तर त्यांच्या घरच्या जोडीदाराचा तो विषाणूच नव्हता, बाहेरून आलेला होता. आता जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की तपासणीत विषाणू सापडण्याइतकाही उरला नसेल, तर त्या माणसाकडून जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही.

म्हणून बाई, लक्ष ताटावर नको, रिपोर्टवर हवं. त्या रिपोर्टचं नाव व्हायरल लोड. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये किती विषाणू आहेत त्याचा तो आकडा असतो. गोळ्या सुरू केल्यावर सहा महिन्यांनी, मग बारा महिन्यांनी आणि पुढे दर वर्षी ही तपासणी सरकारी केंद्रात फुकट होते. १,००० च्या खाली आकडा आला की विषाणू दबला असं सरकारी उपचारात धरतात. पण आपल्याला हवं ते त्याच्याही खालचं, ‘विषाणू आढळला नाही’ असं. पुष्कळ बायका वर्षानुवर्षं नवऱ्याबरोबर जळगावच्या सिव्हिलला जातात, बाहेरच्या बाकावर बसून राहतात आणि हा आकडा कधी विचारत नाहीत. तू विचार. ‘यांचा व्हायरल लोड किती आला?’ एवढंच मराठीत विचारायचं आहे. नवरा बरोबर असेल आणि त्याची हरकत नसेल तर काउन्सेलर तुला समजावून सांगतील. नवऱ्याची हरकत असेल, तर मग ते भांडण घरी करायला हरकत नाही, कारण तो आकडा तुझ्या शरीराशी संबंधित आहे.

गोळी साधी आहे. तीन औषधं एकाच गोळीत, दिवसातून एकदा, ठरल्या वेळी. एप्रिल २००४ पासून ही औषधं सरकार फुकट देतं. २०१७ पर्यंत मात्र सीडी फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीचा आकडा, खाली येईपर्यंत थांबायला सांगायचे. आता तसं नाही, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की लवकरात लवकर गोळ्या सुरू. पित्ताची गोळी, कॅल्शियम, रक्तवाढीच्या गोळ्या यांच्याबरोबर ती उपाशीपोटी एकदम घेऊ नये, अंगी लागत नाही. पित्ताच्या गोळीच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी. आपल्याकडे तिखट शेवभाजी खाऊन रोज रात्री पित्ताची गोळी तोंडात टाकणारे थोडे नाहीत, म्हणून मुद्दाम सांगितलं. आणि दारू. दारूनं गोळी बाद होत नाही, पण दारू प्यालेला माणूस गोळी विसरतो, आणि आठवड्यातून दोनदा विसरलेली गोळी तुझ्या घरात विषाणू परत आणू शकते. गोळ्या बंद केल्या की काही आठवड्यांत आकडा पुन्हा वर चढतो. ‘आता बरं वाटतंय, कशाला रोज?’ हे वाक्य ऐकलंस तर त्याच क्षणी टोक.

खान्देशात सगळ्यात जास्त गोळ्या कशात चुकतात सांगू? प्रवासात. आपल्या किती घरांतले पुरुष सुरतेला आहेत, लूमवर, मार्केटमध्ये. दिवाळीला आणि आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तेवढे गावी येतात. खोलीत आठ-दहा जण, पिशवीत गोळ्यांची डबी ठेवायची कुठे? कुणी वाचली तर? मग ती डबी इथे आपल्या जामनेरलाच कपाटात राहते. यावर उपाय आहेत. तब्येत स्थिर असेल तर केंद्रातून एका वेळी दोन-तीन महिन्यांच्याही गोळ्या मिळतात. सुरतेच्या सरकारी केंद्रात नाव बदलून घेता येतं, आणि मध्येच अडचण आली तर हिरवं पुस्तक असो की कार्ड, जे काही दिलं असेल ते दाखवून दुसऱ्या केंद्रातून थोड्या दिवसांच्या गोळ्या घेता येतात. डबीवरचा कागद काढला किंवा साध्या डबीत गोळ्या ठेवल्या तरी चालतं, फक्त डबी कोरडी आणि घट्ट झाकणाची हवी. फोनवर रोज रात्री बोलता ना तुम्ही? ‘जेवलात का?’ विचारतेस, तसंच ‘घेतली का?’ विचार. त्यांनाही ते आवडतं, बाई. आपल्या गोळीची कुणाला तरी काळजी आहे, हे माणसाला हवं असतं.

आता जे आईशीही बोलता येत नाही ते. गोळ्या सुरू होऊन निदान सहा महिने होईपर्यंत आणि व्हायरल लोडचा चांगला रिपोर्ट हातात येईपर्यंत निरोधाशिवाय संबंध नको. निरोध केंद्रात फुकट मिळतात. मागायला लाज वाटते हे मला कळतं, पण त्या मॅडम दिवसभर हेच काम करतात, त्यांना त्यात काही वाटत नाही. नवरा नको म्हणत असेल तर तू संबंधाला नाही म्हणू शकतेस, आणि त्यात तुझं पत्नीपण कमी होत नाही. याच काळात निरोध फाटला, निसटला, तर सकाळची वाट न बघता सरकारी रुग्णालयात जा. ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितकं चांगलं, गोळ्या सुरू करून २८ दिवस घेतल्या तर लागण बहुधा टळते. निगेटिव्ह जोडीदारानं आधीपासून रोज घ्यायच्या गोळ्याही असतात. नवऱ्याचा विषाणू अजून दबलेला नसेल तर डॉक्टरांना त्याबद्दल विचार. चांगला रिपोर्ट आल्यानंतर निरोध ठेवायचा की नाही, ते दोघांनी ठरवा. मूल नको असेल किंवा दुसऱ्या कुठल्या गुप्तरोगाची शंका असेल तर ठेवा, कारण एचआयव्हीची गोळी त्या दोन्हींवर काही करत नाही. काहीजणी मनाच्या शांतीसाठी ठेवतात. त्यातही काही चूक नाही.

‘हे आलं कुठून?’ हा प्रश्न तू त्यांना विचारलास की नाही मला माहीत नाही. विचारावासा वाटणारच. राग येणारच, आणि तो गिळून टाक असं मी कधी म्हणणार नाही. पण एकदा विचार, एकदा पूर्ण ऐक, आणि मग त्याच प्रश्नानं रोजचा दिवस सुरू करू नकोस. कधीकधी त्या माणसालाही नक्की माहीत नसतं. काहींना लग्नाआधीपासून असतं आणि आठ-दहा वर्षं एकही लक्षण दिसत नाही. तू मात्र स्वतःत चूक शोधत बसू नकोस. १९९७ सालीच पुण्याच्या डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहून ठेवलं आहे. करोनाच्या वेळी टीव्हीवर रोज दिसायचे, तेच हे डॉक्टर. पुण्याच्या गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या, देहविक्रीच्या धंद्यात नसलेल्या बायकांपैकी शंभरात तेरा-चौदा जणींना तेव्हा एचआयव्ही सापडला. बहुतेकींचा आपल्या नवऱ्याशिवाय कुणाशी संबंध आलेला नव्हता.

आणि जिथे बायको पॉझिटिव्ह आणि नवरा निगेटिव्ह, त्या घराबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण तिथे अन्याय जास्त होतो. आपल्याकडे गरोदर बाईचं रक्त तपासतातच. पुरुषाचं कोण तपासतं? म्हणून घरातला पहिला रिपोर्ट पुष्कळदा बाईचा निघतो, आणि जिचा रिपोर्ट आधी निघाला तिनंच रोग आणला, असं सासर ठरवून टाकतं. पहिली तपासणी आणि पहिली लागण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कधी नवऱ्याचा रिपोर्ट खरंच निगेटिव्ह येतो. तिला विषाणू रक्त चढवल्यातून, आधीच्या लग्नातून किंवा दुसऱ्या कशातून आलेला असतो. मग तर तिला रात्री दहाला पिशवी देऊन माहेरच्या गाडीत बसवतात. माझ्या ओळखीतल्या एका बाईला असंच नेरीच्या फाट्यावर आणून सोडलं होतं, कडेवर तान्हं लेकरू. सासरच्या घरात राहायचा हक्क तिला होता. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा तो हक्क प्रत्येक बाईला देतो, घर कुणाच्याही नावावर असो. तिला हे कुणी सांगितलंच नाही. तुझ्या भावकीत असं झालेलं ऐकलंस, तर गप्प बसू नकोस. तिच्या नवऱ्याला कुणीतरी सांगायला हवं की तिनं रोज गोळी घेतली आणि विषाणू दबला तर त्याला काही होणार नाही, आणि लेकरूही बहुधा वाचेल. उपचारच नसले तर अशा मातांच्या शंभरातल्या पंधरा ते पंचेचाळीस बाळांना लागण होते. आईनं आणि बाळानं वेळेवर औषध घेतलं तर ते प्रमाण पाचाच्या खाली येतं. बाळाला जन्मल्यापासून काही आठवडे औषधाचे थेंब, सहा आठवड्यांनी पहिली तपासणी आणि अठरा महिन्यांनी शेवटची. तुझ्यासारखं असेल, म्हणजे बाप पॉझिटिव्ह आणि आई निगेटिव्ह, तर आई निगेटिव्ह राहिली की बाळाला काही होत नाही. मूल हवं असेल तर आधी त्यांचा रिपोर्ट चांगला येऊ दे, डॉक्टरांशी बोल, मग दिवस जाऊ देत. दिवस असताना तुझं रक्त पुन्हा तपासून घे.

आता आखाजी येईल. तू माहेरी येशील, झोका बांधला जाईल, गौराईची गाणी होतील आणि आई तुझ्या तोंडाकडे बघून विचारेल, "काय झालं गं माय? वाळलीस कशानं?" सांगायचं की नाही?

मी म्हणते, सगळ्यांना नको. एकीला सांग. एक माणूस असा हवा की ज्याच्यापाशी रडता येईल आणि गोष्ट तिथेच राहील. ती आई असेल असं नाही. आईच्या पोटात राहत नसेल तर मावशी, मैत्रीण, मी. पण सांगण्याआधी नवऱ्याशी बोल, कारण गोष्ट त्यांची आहे. २०१७ चा एचआयव्हीचा कायदा, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, तो हेच सांगतो: ज्याचा रिपोर्ट आहे त्याच्या संमतीशिवाय तो दुसऱ्याला सांगता येत नाही. दवाखान्यानं नाही, कारखान्यानं नाही, शाळेनं नाही. डॉक्टर किंवा काउन्सेलर नवरा-बायकोपैकी एकाला दुसऱ्याचं सांगू शकतात, पण तेही आधी त्या माणसाला समजावून, पूर्वकल्पना देऊन, आणि तो स्वतः सांगणारच नाही अशी खात्री झाल्यावर. ते सांगितल्यानं बाईला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी भीती असेल, तर तिचं सांगण्याची सक्ती डॉक्टरांवर नाही. याच कायद्यानं नोकरी, दवाखाना, शाळा, भाड्याचं घर यांत भेदभावाला बंदी आहे. आणि लग्नाचं म्हणशील, तर सुप्रीम कोर्टानं १९९८ साली बाधितांच्या लग्नाच्या हक्काबद्दल कडक बोलून ठेवलं होतं, ते २००२ साली त्याच कोर्टानं मागे घेतलं. दोघांना माहिती असेल आणि दोघांची संमती असेल तर लग्न करायला कुणाची आडकाठी नाही.

जामनेर लहान आहे, हे खरं. सरकारी दवाखान्यात त्या खोलीच्या बाहेर उभं राहिलं की ओळखीचं कुणीतरी दिसतंच, आणि दुसऱ्या दिवशी गल्लीत कुजबुज. ज्यांना ते झेपत नाही ते जळगावला नाहीतर भुसावळला जातात, काही धुळ्यालाही जातात. जा ना. लांब गेलीस म्हणून कुणी नावं ठेवणार नाही. गेलीच नाहीस तर मात्र नुकसान आहे. आणि ‘मुळापासून बरा करतो’ म्हणणाऱ्या पुड्यावाल्याकडे, भगताकडे पाऊल टाकू नकोस. एचआयव्ही मुळापासून घालवणारं औषध आज बाजारात नाही. त्याच्या नादात सरकारी गोळ्या सुटल्या आणि माणूस हाडांचा सापळा होऊन परत आला, असं आपल्या भागात घडलेलं आहे.

तू त्यांच्याबरोबर राहशील की नाही, हे मी सांगणार नाही. त्यांनी फसवलं असेल, मारत असतील, गोळ्या घेत नसतील आणि जबरदस्ती करत असतील, तर निघून ये. दार उघडं आहे. पण फक्त ‘मला होईल’ या भीतीनं निघणार असशील, तर थांब. ती भीती गोळीनं आणि रिपोर्टनं जाते. चांगला माणूस, चुकलेला असेल, घाबरलेला असेल, पण रोज गोळी घेतो आणि तुझ्याशी खरं बोलतो, त्याच्याबरोबर म्हातारपणापर्यंत संसार होतो. असे संसार आपल्या जिल्ह्यात चालू आहेत. ते दिसत नाहीत, कारण ते कुणाला सांगत नाहीत.

रात्री मनाची फार उलघाल झाली आणि माझा फोन लागला नाही, तर १०९७ लाव. सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत, नाव सांगावं लागत नाही, मराठीत बोल. आणि या महिन्यात त्यांची गोळ्यांची तारीख असेल त्या दिवशी तूही बरोबर जा. त्यांचा व्हायरल लोड कधी काढणार ते विचार, तुझंही रक्त तिथेच दे, आणि तीन महिन्यांनंतरची तुझी तारीख कॅलेंडरवर लिहून ठेव.